काळी रेती

“काकू, सोनं सापडलं तर अर्धं तुमचं,” गाडीच्या डिकीत सामान लावता लावता प्रताप म्हणाला.

विशालची आई, नंदाताई, नुसत्या हसल्या. साडीवर सुनेचं जुनं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात चहाचा थर्मास. विशालने घाईघाईने आईसाठी गाडीचं दार उघडलं.

जून २०२१ मधला रविवार होता. जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठून महिना झाला होता आणि ॲडम्सटाउन या परदेशातल्या उपनगरातली ही दोन कुटुंबं दोन गाड्यांतून विकलोच्या डोंगरात निघाली होती. प्रताप विशालचा शेजारी आणि ऑफिसातला मॅनेजरही. लॉकडाउनमध्ये कुणी ब्रेड करायला शिकलं, कुणी गिटार. प्रतापने नदीत सोनं शोधायचा नाद लावून घेतला होता. दोन हिरव्या प्लास्टिकच्या पसरट पराती, एक छोटं फावडं, चाळणी आणि वर मेटल डिटेक्टर, असं सगळं त्याने ऑनलाइन मागवलं होतं. पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नव्हतं तेव्हा तो बाथटबमध्ये वाळू आणि शिशाचे छर्रे टाकून सराव करायचा. त्यात घराचा ड्रेन तुंबला, हे त्याची बायको निवेदिता प्रत्येकाला सांगत असे.

विशालने हे आमंत्रण दोनदा टाळलं होतं. तिसऱ्यांदा त्याची बायको चैत्रालीच म्हणाली की आई गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या, त्याला सव्वा वर्ष झालं. विमानं बंद, व्हिसा आपोआप वाढतोय, त्यांनी घराच्या भिंती सोडून पाहिलंय काय? त्यावर विशालने होकार दिला. टाळण्याचं खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं.

सांगलीच्या सराफ कट्ट्यात वडिलांचं दुकान होतं, असं त्याने चैत्रालीला लग्नाआधी सांगितलं होतं. त्या वाक्यातला ‘सराफ कट्टा’ तेवढा खरा होता. वडील झारेकरी होते. दुकानं उघडायच्या आधी पेढ्यांसमोरची धूळ झाडून न्यायची, गटारातला गाळ उपसायचा, सोनारांच्या भट्टीची राख पोत्यात भरायची आणि अंगणात लाकडी काथवटीत ती धूत बसायची. पाण्याबरोबर माती जायची आणि तळाला राहायचे सोन्याचे कण. पाऱ्यात ते गोळा करायचे, मग पारा जाळून टाकायचा. त्या वाफेनेच वडिलांचे हात थरथरू लागले. शेवटी त्यांना कपबशीही धरवत नव्हती. विशाल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. त्यानंतर झाडू आईने घेतला. त्याच झाडूवर त्याची डिग्री झाली.

शाळेत असताना एकदा वर्गातल्या मुलाने त्याला वडिलांबरोबर गटार उपसताना पाहिलं होतं. पुढे काय काय झालं ते विशालने कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा त्याने आईला मिरजेला फ्लॅट घेऊन दिला आणि या कामाबद्दल कुणाला सांगायचं नाही, असं तिच्याकडून वचन घेतलं. आईने एवढंच विचारलं होतं, “तुला बरं वाटंल न्हवं?” आणि मग ती खरोखरच कधी बोलली नाही. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याने पुन्हा तिला आठवण करून दिली होती. तिने भांडं विसळता विसळता मान हलवली होती.

नदीकाठच्या पार्किंगमध्ये प्रतापने पहिल्यांदा मेटल डिटेक्टर बाहेर काढला. कुत्र्याला फिरवायला आलेला एक म्हातारा थांबला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, की लायसनशिवाय या देशात असल्या यंत्राने जुन्यापुराण्या वस्तू शोधता येत नाहीत, गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, पाहिलं तर भानगड होईल. परातीने नदीतलं सोनं बघा की, ते ‘ग्रँड’ आहे, खुशाल चालतं. प्रतापने यंत्र निमूटपणे डिकीत परत ठेवलं. गार्डा येतील, नावं लिहून घेतील, आईला प्रश्न विचारतील, इथपर्यंत विशालचं मन धावून आलं होतं.

नदी कसली, गुडघाभर पाण्याचा ओढाच तो. पाणी चहाच्या रंगाचं आणि बर्फासारखं गार. दोनशे वर्षांपूर्वी इथे सोनं सापडलं तेव्हा गावंच्या गावं ओढ्यात उतरली होती, हे प्रतापने सगळ्यांना ऐकवलं. मग त्याने शिकवायला सुरुवात केली. वळणाच्या आतल्या बाजूची, मोठ्या दगडामागची खडी घ्यायची, कारण जड वस्तू तिथे अडकते. परात पाण्याखाली धरून हलवायची, म्हणजे जड ते खाली बसतं. मग तिरकी करून वरची वाळू हळूहळू वाहू द्यायची.

सगळं बरोबर होतं. फक्त हाताला ते कळत नव्हतं. प्रताप परात अशी हिसडायचा की निम्मी खडी एका दमात बाहेर जायची. चैत्राली आणि निवेदिता आळीपाळीने प्रयत्न करून हसत बाहेर आल्या. नंदाताई काठावरच्या घडीच्या खुर्चीत बसून होत्या. विशालचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. आईच्या मांडीवरचे दोन्ही हात अगदी बारीक, गोल गोल फिरत होते. तो सरकून तिच्यासमोर उभा राहिला, आडोसा केल्यासारखा.

तासाभराने प्रतापच्या परातीत चमचाभर काळी रेती उरली. “कचराच राहिला,” म्हणत त्याने ती पाण्यात झटकायला हात उचलला.

“आवं, ती टाकू नगा,” नंदाताई खुर्चीतून उठल्याच. “त्यातच असतंय.”

प्रतापने चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. विशाल पटकन म्हणाला की आई दिवसभर यूट्यूब बघत असते, कुठेतरी पाहिलं असेल. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. नंदाताई परत खुर्चीत बसल्या. प्रतापने रेती नीट बघायचा प्रयत्न केला आणि त्या धडपडीतच ती सांडली.

जेवायला सगळे गवतावर बसले. ठेपले आणि लोणचं वाढता वाढता निवेदिताने सहज विचारलं, की काकू, तुमचं सांगलीचं दुकान केवढं होतं? विशालने आईला बोलूच दिलं नाही. लहानसंच होतं, बाबा गेल्यावर बंद केलं, असं सांगून त्याने विषय व्हिसावर नेला. दोन मिनिटांनी त्याने मान वळवली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

आई ओढ्यात उभी होती. बूट काठावर, ओचा कमरेला खोचलेला, पाय पोटरीपर्यंत त्या गार पाण्यात. तो धावला.

“आई, बाहेर ये. काय करतेस हे? ते बघतायत.”

तिने वर पाहिलं नाही. मोठ्या दगडामागून तिने हातानेच खडी ओढून घेतली होती आणि परात आता तिच्या हातात होती. हिसका नाही, घाई नाही. पाणी आत यायचं, एक वेढा घ्यायचं आणि मातीला घेऊन निघून जायचं. बासष्टाव्या वर्षी, इतक्या वर्षांच्या खंडानंतर, मनगटांना काहीही आठवावं लागत नव्हतं.

“तुज्या बापानं या कामाची कधी लाज धरली न्हाई,” ती हळूच म्हणाली. “मीबी न्हाई. तू म्हनलास म्हनून गप बसले. आज हात ऱ्हाईना, विशाल.”

तोवर बाकीची तिघं काठावर आली होती. आईने शेवटची रेती परातीच्या कडेला पसरली आणि थेंब थेंब पाणी सोडत मागे ओढली. काळ्या रेघेच्या टोकाला चार पिवळे कण उरले, मोहरीच्या सालीएवढे.

प्रताप वाकून बघतच राहिला. मग तो विलक्षण आदराने म्हणाला, “काकू, खरं सांगा. हे कुठे शिकलात?”

नंदाताईंनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी नजर खाली वळवली आणि पुटपुटल्या, “कुठलं काय. ते मोबाइलवर दावत्यात, त्येच बगून…”

ती खोटं बोलत होती. उभ्या जन्मात तिने कधी कुणाच्या गाळातला कण लपवला नव्हता, आणि इथे, थंडीने निळे पडलेले पाय घेऊन, परक्या देशाच्या ओढ्यात ती त्याच्यासाठी खोटं बोलत होती. अजून गप्प राहिलं तर सगळं निभावलं असतं.

“आमचं दुकान नव्हतं,” तो म्हणाला. “बाबा झारेकरी होते. सराफांच्या दारातली धूळ धुऊन सोनं काढायचे. नंतर आईने काढलं. मी त्याच्यावर शिकलो.”

प्रतापने पुढे होऊन नंदाताईंना हात दिला आणि काठावर आणलं. निवेदिताने ते चार कण एका छोट्या बाटलीत भरले आणि त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते प्रतापला द्यायला सांगितलं. परात त्याचीच आहे, म्हणाल्या. प्रतापने बाटली घेतली, पण खिशात टाकली नाही. बराच वेळ ती तळहातावर धरून तो उभा राहिला. नंतर तो आणि निवेदिता सामान उचलून पुढे गेले.

चैत्राली तिथेच होती. विशालला वाटलं ती रागावेल, आवाज चढवेल. ती फक्त म्हणाली, “आठ वर्षं, विशाल. मला काय समजला होतास तू?”

त्याने तोंड उघडलं. ती वळून गाडीकडे गेलीसुद्धा.

परतताना चैत्राली पुढे बसली नाही. मागच्या सीटवर तिने सासूचे पाय मांडीवर घेतले, टॉवेलमध्ये गुंडाळले आणि दोन्ही हातांनी चोळू लागली. मग तिने विचारलं, की आई, पहाटे किती वाजता निघायचात तुम्ही? नंदाताई आधी अडखळल्या. हळूहळू त्या सांगायला लागल्या, कुठल्या पेढीसमोर जास्त मिळायचं, दिवाळीच्या आधीची धूळ कशी वेगळी असायची, पावसाळ्यात कसे हाल व्हायचे. चैत्राली मधे मधे प्रश्न विचारत होती. एकदा दोघी हसल्याही.

विशाल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी चालवत होता. मागून त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट कुणी लावलेला नव्हता आणि प्रत्येक वळणावर त्याचं बक्कल दाराच्या कडेवर आपटत होतं.