गार पारडे

मी एक जुना वजनकाटा आहे. धान्य तोलणारा नव्हे, मित्रांनो. दवाखान्यात तान्ही बाळे तोलणारा. नवा होतो तेव्हा माझे पारडे चकाकत होते आणि तबकडीवरचा काटा केसभरही चुकत नव्हता. "याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी फुशारलो होतो. खरे सांगण्याचे काम इतके थकवणारे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

माझ्यावर दोघी सिस्टरांचा, वार वाटून, कारभार चाले. मोठ्या सिस्टर म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्या गार पारड्यावर उघडे बाळ ठेवत, ते टाहो फोडी, आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आकडा त्या वाचत. धाकट्या सिस्टर मऊ मनाच्या. त्या पारड्यात जाड दुपटे घालत. त्याचे वजन वजा करायचे असते, पण आईचा चेहरा पडलेला दिसला की त्या नेमके तेच विसरत. साहजिकच आया त्यांच्या वाराची वाट बघत.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई आपली पहिली लेक घेऊन आली. सोबत सासूबाई होत्या.

"वजन घटलंय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुमचं दूध पुरत नाही तिला. वरचं दूध सुरू करा."

बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या. "मी म्हणतच होते," सासूबाई पुटपुटल्या. आईने लेक उचलली आणि मान खाली घालून निघून गेली. वरचे दूध काही सुरू झाले नाही.

पुढच्या वेळी ती धाकट्या सिस्टरच्या वाराला आली. दुपटे आलेच. "वाढलंय की. उगाच जिवाला घोर लावून घेता," सिस्टर म्हणाल्या. आई पहिल्यांदा हसली. ते हसू बघून मलाही बरे वाटले, मित्रांनो. पण पोर किती हलकी झाली आहे, हे एकट्या मला कळत होते, आणि मला तोंड नाही.

तिसऱ्या खेपेला पोर रडेनाशी झाली होती. मोठ्या सिस्टरनी मागच्या वेळची नोंद पाहिली, पारड्यातले दुपटे उचलून हातावर तोलले आणि काय झाले ते ओळखले. ते दुपटे शेजारी उभ्या धाकटीच्या हातात दिले. मग सासूबाईंना बाहेर बसवून दार लोटले आणि माझ्या पारड्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. पारडे कोमट झाल्यावर हात काढला, पोरीला ठेवले आणि आईला जवळ बोलावले. "तुम्हीच वाचा."

तिने वाचले. "म्हणजे मी कमी पडले."

"दूध कमी पडतंय. तुम्ही तर माझी बोलणी खाऊनही परत आलात. चारचौघांत बोलले, ते चुकलंच माझं. रडायचं तर रडून घ्या, मी इथेच आहे. मग वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते दाखवते. सासूबाईंशीही मी बोलते."

ती पोटभर रडली. त्याच दिवशी पोर वाटीतले दूध प्यायली, आणि पुढे इतकी बाळसेदार झाली की पारड्यात मावेना. तेव्हापासून दोघी सिस्टर पारडे आधी हाताने गरम करू लागल्या.

आता माझा काटा अडखळतो. माझ्या जागी नवा काटा आला आहे. बाळ टेकते न टेकते तोच तो आकडा झळकवतो. मी कपाटावर, कापसाच्या खोक्यांमागे पडून असतो. धुळीची तक्रार नाही. फार तोलले, थकलो. फक्त एवढे लक्षात असू द्या, की पारडे नव्या काट्याचेही गारच असते. मित्रांनो, कधी कोणाला कडू खरे सांगायची वेळ आली, तर आधी हात ठेवून पारडे गरम करा. आणि आकडा वाचण्याआधी तो हात काढून घ्या, नाहीतर त्याचेही वजन त्यात धरले जाते.