घरातून काढलेला हंडा

बद्रीनाथला एक खोड होती. माणूस भेटला की आधी गाव विचारायचं, मग पाहुणे जोडायचे, आणि कामाचं सगळ्यात शेवटी. बजाजनगरात त्याला यावरून सगळे चिडवायचे. पण त्यानं ही खोड दवाखान्यातही सोडली नाही.

मुलाचा, ऋतुराजचा, हात थरथरायचा. दोन वर्षं नुसते हेलपाटे झाले. शेवटी उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टर करुणाबाईंनी आजार धरला. विल्सन. अंगातलं तांबं बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये आणि मेंदूत साचत जातं. हजारोंत एखाद्याला होणारा, आईबापांच्या रक्तातून आलेला आजार.

ऋतुराजला रक्त तपासायला आत नेलं होतं. बद्रीनाथनं संधी साधली. "म्याडम, गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

बाई हसल्या. "शिकले दिल्लीत, पण मूळची पिंपळदरीची."

बद्रीनाथच्या थोरल्या लेकीची, सोनियाची, सोयरीक पिंपळदरीच्याच नानासाहेबांच्या घरात ठरली होती. इथलं बोलणं तिथं पोचायला कितीसा वेळ?

बाईंनी छापील कागद पुढं केला. गोळ्या उपाशीपोटी आणि आयुष्यभर. शेंगदाणे, चॉकलेट बंद. तांब्याच्या भांड्यातलं पाणी अजिबात नको. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "सख्ख्या भावंडांची तपासणी करायचीच, धडधाकट दिसली तरी. वेळेत कळलं तर गोळ्यांवर माणूस चांगला जगतो. याला भावंडं?"

"नाय. एकुलता एक हाय."

शेजारी बसलेल्या द्वारकानं नवऱ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. रिक्षात मात्र ती म्हणाली, "सोनीला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू की."

"लग्न होऊ दे, मग बघू. एवढी ठणठणीत पोरगी, तिला काय होतंय?"

खरं तर करुणाबाईंना ती सोयरीक ठाऊकही नव्हती, आणि कुणाचा आजार गावभर सांगत फिरणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. पण भ्यालेल्या माणसाला हे कोण सांगणार!

घरातला तांब्याचा हंडा आता ऋतुराजला चालणार नव्हता. चांगला जड हंडा टाकून कसा द्यायचा? द्वारकानं चिंच लावून लख्ख घासला आणि सोनियाच्या रुखवतात मांडला. बायकांनी कौतुक केलं. बद्रीनाथलाही बरं वाटलं.

तपासणी दिवाळीवर गेली, दिवाळीची उन्हाळ्यावर. ऋतुराजचा हात स्थिर झाला आणि बद्रीनाथ ती शेवटची ओळ विसरून गेला.

दीड वर्षानं सोनियाचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. सासरी आठवडाभर काविळीचं गावठी औषध झालं. मग नानासाहेबांनी सुनेला थेट आपल्या गावच्या लेकीकडं, करुणाबाईंकडं आणलं. बद्रीनाथ कंपनीतून तसाच धावत आला, तेव्हा बाई विचारत होत्या, "लिव्हर जवळजवळ निकामी झालंय. खाते-पिते काय ही?"

"कशाची कमी नाय, म्याडम," नानासाहेब म्हणाले. "बापानं दिलेल्या हंड्यातलंच पाणी पिते, रोज उपाशीपोटी. तब्येतीला लई चांगलं म्हणून मीच सांगितलं तिला."

बाईंची नजर दारातल्या बद्रीनाथवर गेली आणि तिथंच थांबली.

"ऋतुराजचे वडील ना तुम्ही? ही तुमची कोण?"

एक रक्ताची तपासणी. तेवढीच तर करायची होती. बद्रीनाथला वाटलं, 'एकुलता एक' हे दोन शब्द परत तोंडात घेता आले असते तर जीव दिला असता. जन्मभर लोकांची नाती जोडणाऱ्या माणसाला आपलं एक नातं सांगता येईना.

शेवटी पलंगावरून सोनियाच बोलली, "पप्पा हायेत माझे. बघा ना, कसे धावत आले."