बँडकडे तोंड करून

बाळ सप्तर्षी बँडच्या पुढे उलटा चालायचा. तोंड मुलांकडे, पाठ रस्त्याकडे. बँडमास्तर हातात दांडा घेऊन समोर बघत चालतो, असं मी वाचलं होतं आणि त्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला, "घरी आलेल्या पाहुण्याला तू पाठ दाखवतोस का? मग वाजवणाऱ्याला कशी दाखवू?"

युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये तो इंजिनिअर होता आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांचा बँड चालवायचा. पुण्या-मुंबईची मुलं, टोंगा-सामोआ बेटांवरची मुलं, दोन-चार गोरी. घरची आठवण येणारं आणि फुंकायला दम असलेलं कुणीही त्याला चालत असे. मी पुण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो आणि इथे परदेशात, लेकीकडे पापाटोएटोला आलो. दिवसभर घरात काय करायचं, म्हणून ट्रेनने युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन वाचत बसायचो.

२०११ मधल्या एका संध्याकाळी लायब्ररीतून बाहेर पडलो, तर पार्किंगमध्ये सराव चालला होता. लाल कोटातला एक माणूस उलटा चालत थेट फुलझाडांच्या दगडी कठड्याकडे निघाला होता. ओरडायला हवं होतं. पण चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. तेव्हा धावलो आणि त्याच्या कोटाचा मागचा पट्टा धरला.

"अहो, कठडा आहे," मी पुटपुटलो.

"मराठी?" मागे न बघता तो म्हणाला. "उत्तम. आता सोडू नका."

सोडला नाही. तेव्हापासून बँड निघाला की मी सर्वांत पुढे, हात मागे करून बाळच्या कोटाचा पट्टा धरलेला. माझं तोंड रस्त्याकडे, त्याचं मुलांकडे. पट्टा उजवीकडे ओढला की उजवीकडे वळायचं, एक लांब ओढ म्हणजे थांबायचं, दोन हलके हिसके म्हणजे मागे पायरी आहे. तो मला 'लायब्ररी' म्हणायचा. "चल लायब्ररी, मुलं खोळंबलीत." संगीतातलं मला काही कळत नाही, आणि माझ्या जागी एखादी काठीही चालली असती असं मला नेहमी वाटायचं. पण बोलावलं की जायचो.

२०१८च्या जुलैत, इथल्या ऐन थंडीत, बाळ गेला. बरेच दिवस आजारी होता.

ऑक्टोबरात मंदावहिनी, म्हणजे बाळची बायको, माझ्याकडे आल्या. बरोबर स्वरदा होती. मी पट्टा धरायला लागलो तेव्हा ती बाळच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवायची. आता टौरंगा शहरात सिव्हिल इंजिनिअर आहे.

"काका, डिसेंबरच्या मिरवणुकीत सगळे जुने येतायत. सरांसाठी," ती म्हणाली. "फक्त पुढे चालायला कोणी नाही. आम्ही एकाला आणून बघितलं. चांगला शिकलेला, पण आमच्याकडे पाठ करून चालला. पहिल्याच वळणावर सगळी वाट लागली. पुढे चेहरा नसेल तर आम्हाला जमत नाही. तसंच होणार असेल तर आम्ही निघणारच नाही."

"मी सरांवर काहीतरी लिहून देतो," मी घाईने म्हणालो.

"लिहून नको. सरांच्या जागी तुम्ही चालायचं."

"मला ताल कळत नाही गं."

"ताल सिओने सांभाळतो. मोठा ड्रम त्याच्याकडे आहे. तुम्ही नुसतं आमच्याकडे बघायचं."

"पण तुम्ही मला ओळखता तरी कुठे? माझी पाठच तर बघितलीत."

"पाठ नाही, टक्कल," स्वरदा म्हणाली. "सरांच्या खांद्यावरून इतकी वर्षं तेच दिसायचं. उन्हात चकाकायचं. आम्ही त्याच्याकडे बघून रांग सरळ ठेवायचो."

वहिनी हसल्या. मग पिशवीतून त्यांनी बाळचा लाल कोट काढला. "हा पट्टा कितीदा शिवलाय मी, तुमच्या ओढण्यापायी. दर वेळी म्हणायचे, जरा पक्का शीव, लायब्ररीचा भार आहे त्याच्यावर." त्यांनी कोट माझ्या मांडीवर ठेवला. "हॉस्पिटलात एकदा म्हणाले, त्याने आपला बँड पाहिलाच नाहीये गं. मी नसलो की एकदा त्याचं तोंड मुलांकडे फिरवा."

खरंच होतं. मी बँड ऐकला होता, पाहिला नव्हता. हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

"मला धरणार कोण?" मी विचारलं. हो म्हणायचं नव्हतं, पण तो प्रश्न होकारासारखाच झाला.

"मी आहे की," वहिनी म्हणाल्या.

मिरवणुकीच्या दिवशी पोहुटुकावाची झाडं इथल्या डिसेंबरी उन्हाळ्यात लाल फुलली होती आणि ऊन कडक होतं. बाळचा कोट मला मोठा. बाह्या वहिनींनी आत दुमडून टाचल्या होत्या. त्या स्वतः नऊवारी नेसून, पायात पांढरे बूट घालून पाठीमागे उभ्या राहिल्या. त्यांनी पट्टा धरला आणि म्हणाल्या, "भावजी, वळून बघितलंत तर चिमटा काढीन."

समोर बँड उभा होता. पितळेवर ऊन चमकत होतं. कुणाचे केस पांढरे व्हायला लागले होते, कुणाला कोट पोटावर बसत नव्हता, एकजण घाईत जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालूनच आला होता. सिओनेने ड्रमवर पहिला ठोका दिला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघावं असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

निघालो. दुकानांपर्यंत बरं चाललं. मग माझ्या मनात आलं, आपण हे काय सोंग घेतलंय? लोकांना वाटत असेल, हा कोण म्हातारा दुसऱ्याचा कोट घालून निघालाय. माझा चेहरा आक्रसला असणार. कारण बघता बघता ट्रॉम्बोन दबले, रांग वाकडी झाली, सिओनेचा ठोकाही जड पडायला लागला.

"काय हो, वरातीची अंत्ययात्रा का झाली?" मागून वहिनी.

"मला भीती वाटतेय," मी म्हणालो.

"मग ती तिकडे पोचली बघा. मुलं चुकली की हे हसायचे. स्वतः चुकले की जास्तच हसायचे. उगाच नाही कोणी वर्षानुवर्षं त्यांच्यामागे चाललं."

मी हसायचा प्रयत्न केला. तो फार वाईट झाला असावा, कारण स्वरदाला कॉर्नेट वाजवता वाजवता हसू फुटलं आणि तिचा सूर भलतीकडेच गेला. बाजूच्या दोघांचाही गेला. ते तिघं एकमेकांकडे न बघता फुगलेल्या गालांनी हसू दाबत चालले होते, ते बघून मला खरंच हसू आलं. आवाज करून. भर रस्त्यात.

बँड उसळला. दुसरा शब्द मला सापडत नाही. ट्रॉम्बोन वर आले, रांग सरळ झाली आणि सिओने सगळे दात दाखवत असा वाजवायला लागला की डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, दारातली मुलं नाचत फुटपाथवर आली. बाळ रोज हे बघत होता तर. सराव संपला तरी त्याचा पाय का निघत नसे, ते आत्ता मला दिसलं.

"अंकल, यू ओके?" सिओने ओरडला.

"स्वीट ॲज," मी ओरडलो. होय, ओरडलो. 'एकदम मस्त' म्हणायचे नातवाकडून शिकलेले ते शब्द याआधी मोठ्याने कधी उच्चारले नव्हते.

"वहिनी," मी म्हणालो, "किती छान दिसतायत सगळे."

"मी पण रस्त्याकडे तोंड करूनच चाललेय. मला सांगा की कसे दिसतात."

मग मी सांगत गेलो. कोणाचे गाल कसे फुगलेत, स्वरदा कशी मान डोलावते, जँडल्सवाल्याची एक जँडल कशी मागेच राहिली आणि तो तसाच एका पायाने अनवाणी वाजवतोय. वहिनी मागे हसत होत्या, मध्येच डोळेही पुसत असाव्यात, कारण पट्टा क्षणभर सैल पडला आणि पुन्हा घट्ट झाला.

वळणावर दोन हलके हिसके बसले. मी न बघता पाय उचलला आणि पायरीवर ठेवला.