सातवा परिच्छेद

विशाखाला राग पटकन येत नसे, आणि आला की पटकन जातही नसे. लिंबाच्या लोणच्यासारखा तो आतल्या आत मुरत राहायचा. तिच्या आईला, लीलाबाईला, हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत विशाखाच्या वाटेला कुणी जात नसे. विश्वजीतला मात्र ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यानं फिकीर केली असती असं काही सांगवत नाही.

हा विश्वजीत म्हणजे 'चव्हाट्या'चा पंच. संभाजीनगरातल्या चार-पाच पोरांनी काढलेली 'चव्हाटा' ही वेबसाइट. शहरातली, वाळूजची, शेंद्र्याची कुठलीही बातमी कुणीही तिथं आणून टाकावी. पटली तर लोकांनी 'वर' दाबावं, नाही पटली तर 'खाली'. जिला जास्त 'वर', ती पहिल्या पानावर. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार इथपासून कुठल्या पुढाऱ्यानं कुठला रस्ता गिळला इथपर्यंत सगळ्याचा तिथं निकाल लागे. पाच पंच देखरेख करत, आणि पाचांत विश्वजीतचा शब्द शेवटचा.

त्यानंच एक नियम आणला होता. तीनशे 'वर' पडले की बातमीवर 'पक्की' असा शिक्का बसायचा, आणि शिक्का बसलेली बातमी नंतर कुणालाही काढता येत नसे की बदलता येत नसे. नियम चांगला होता, खोटं कशाला बोला? पुढाऱ्यांची माणसं फोन करकरून बातम्या काढायला लावत, त्यावर तो उतारा होता. विशाखाही चव्हाट्यावरची जुनी सभासद, शहरातल्या खाम नदीवरून घेतलेल्या 'खामकाठ' या नावानं लिहिणारी. तिनंही तेव्हा त्याची वाहवा केली होती. पण नियम चांगला असून भागत नाही, तो कुणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं.

गेल्या फेब्रुवारीत ते दिसलं. तिचा धाकटा भाऊ धम्मपाल शेंद्र्याला एका गोदामात इलेक्ट्रिशियन होता. गोदाम विश्वजीतच्या वडिलांचं, आप्पासाहेबांचं. एका रविवारी तिथली पाण्याची मोटर जळाली. आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली, की मोटर घेऊन जा आणि नवी तार गुंडाळून भरून आण. धम्मपालनं मोटर खांद्यावर टाकली आणि तो गेटमधून बाहेर पडला. विश्वजीत तेव्हा पुण्यात होता. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यानं मोबाइलवर पाहिलं, आणि वडिलांना एक फोन करायच्या आधी ते चव्हाट्यावर टाकलं. 'मालकाची मोटर लंपास, चोर कॅमेऱ्यात कैद.'

त्याचा व्हॉट्सॲपवर चाळीस जणांचा ग्रुप होता, 'आपली माणसं'. त्यात तो लिंक टाकायचा आणि खाली एकच शब्द लिहायचा, 'दाबा'. चाळीस अंगठे पहिल्या दहा मिनिटांत पडले की बातमी पहिल्या पानावर जाई. आणि पहिल्या पानावर दिसलेली बातमी खरीच असणार, असं समजून उरलेले लोक न उघडताच दाबत. बातमी वाचून मत देणारा माणूस चव्हाट्यावर शोधून सापडला नसता. धम्मपाल दोन तासांत 'पक्का' चोर झाला. 'अशांना कामावर ठेवताच कशाला?' असं एकानं खाली लिहिलं होतं. त्या 'अशांना'ला एकशे नव्वद 'वर' होते. विशाखानं ते आकडे मोजले आणि जपून ठेवले.

दुसऱ्या दिवशी धम्मपाल भरलेली मोटर घेऊन गेटवर गेला, तर वॉचमननं मोटर आत घेतली आणि त्याला बाहेर ठेवलं. विशाखानं चिठ्ठीचा फोटो चव्हाट्यावर टाकला. चाळीस अंगठ्यांनी तो दहा मिनिटांत तळाला घातला. मग लीलाबाई स्वतः ती चिठ्ठी घेऊन विश्वजीतच्या सिडकोतल्या ऑफिसात गेली.

"मावशी, मला बी वाईट वाटतंय," विश्वजीत म्हणाला. "आप्पांनी सांगितलं मला नंतर, चिठ्ठीचं. पण बातमी पक्की झाली ना. आता नियम म्हंजे नियम." आणि त्यानं तिच्यासाठी चहा मागवला. लीलाबाई चहाला हात न लावता उठली. रिक्षात ती रडली नाही, घरी येऊन भाकरी टाकताना रडली.

फुलंब्रीचं एक स्थळ होतं. पोरगी धम्मपालला आवडली होती, बोलणी पार तारखेपर्यंत आली होती. तिच्या मामानं चव्हाटा उघडला आणि निरोप पाठवला, पोरगं चांगलं दिसतंय, पण लोक काय म्हणतील. दोन कंपन्यांत नोकरी लागता लागता राहिली. धम्मपाल मग दारातच बसून गल्लीतल्या लोकांचे पंखे भरू लागला. मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळणं, एवढंच त्याचं बोलणं राहिलं. आठ महिने विशाखा ती मान बघत होती. त्या माणसाला त्याच्याच चव्हाट्यावर, त्याच्याच शिक्क्याखाली उभा करीन, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त संधी येत नव्हती.

संधी आली ती हार-तुरे घेऊन. विशाखा 'वेशीवरून' नावाच्या एका छोट्या बातम्यांच्या पोर्टलवर काम करायची, आणि तिच्याकडे खातं होतं वाढदिवसांचं. 'दानशूर व्यक्तिमत्त्व', 'गोरगरिबांचा आधार' असले लेख ती आठवड्याला चार पाडायची. लेखावर तिचं नाव नसे, याबद्दल ती देवाचे नाही तरी कुणाचे तरी आभार मानायची. संपादक अभयनं ऑक्टोबरात नवी ऑर्डर तिच्या टेबलावर ठेवली. शेंद्र्याचे आप्पासाहेब, अमृतमहोत्सव, विशेष मुलाखत. ऑर्डर देणारा, मुलगा विश्वजीत.

"करतेस ना?" अभयनं विचारलं. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

"करते की," विशाखा म्हणाली. "मनापासून करते."

ती गेली तेव्हा आप्पासाहेब गोदामाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. लहानपण, पहिली विहीर, गोदामाची सुरुवात, सगळं त्यांनी सांगितलं. रेकॉर्डर चालू होता. त्यांच्या तोंडून एखादा शब्द कसा काढावा याचे चार डाव विशाखा घरून रचून आली होती. त्यांची गरजच पडली नाही. वाढदिवसाच्या लेखात विचारायचा असतो तो ठरलेला प्रश्न तिनं विचारला, आयुष्यात काही करायचं राहून गेलं का?

म्हातारा शेंगा फोडायचा थांबला.

"ऱ्हायलं की. एका पोराची माफी मागायची ऱ्हायली. धम्मपाल नाव त्याचं. मोटर मीच दिली होती त्याच्याकडं, चिठ्ठी लिहून. आमच्या विश्वजीतनं त्याला मोबाइलमधी चोर केलं. म्या सांगितलं त्याला, आरं चिठ्ठी माझी हाय. तर म्हनतो, आप्पा, आता झालं ते झालं. मला त्या मोबाइलमधलं काय कळत नाय, पन पोरगं चोर नव्हतं एवढं कळतं. त्याच्या घरी जायाला पायजे होतं म्या. लाजंनं गेलो नाय."

विशाखानं शब्द न् शब्द उतरवून घेतला. तिनं आठ महिने या माणसालाही विश्वजीतच्याच ओळीत बसवलं होतं.

"तू कुठली गं, पोरी?" आप्पासाहेबांनी निघताना विचारलं.

"बजाजनगरची. धम्मपालची बहीण."

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाले, "मंग पुरं लिही. एक शबूद गाळू नको."

तिनं एक शब्द गाळला नाही. फक्त तो कुठं ठेवायचा ते ठरवलं, आणि सूड म्हणाल तर तो तेवढाच. वाचक लेखात कुठवर उतरतात ते पोर्टलच्या कॉम्प्युटरवर दिसे. वाढदिवसाच्या लेखात शंभरातले सत्त्याण्णव दुसऱ्या परिच्छेदापाशी गळत. ज्याचा वाढदिवस तोसुद्धा फोटो बघून पुढं सरके. विशाखानं पहिल्या सहा परिच्छेदांत विहीर, गोदाम, देणग्या आणि सत्कार घातले, आणि सातव्यात आप्पासाहेबांचं ते बोलणं, जसंच्या तसं. मथळा दिला, 'आप्पासाहेब: खरं बोलणारा माणूस'.

मग रीतीप्रमाणे तिनं आख्खा लेख मंजुरीसाठी विश्वजीतला पाठवला. 'कृपया पूर्ण वाचून कळवावे.' आता सांगा, यापेक्षा सरळ वागणं आणखी काय असतं? त्यानं वाचला असता, तर चिडून फोन केला असता आणि सगळं तिथंच संपलं असतं. ती घड्याळ बघत होती. चाळीस सेकंदांत उत्तर आलं. अंगठा.

अभयनं सातवा परिच्छेद वाचला आणि चष्मा काढला. "हे त्यानं मंजूर केलंय?"

विशाखानं मोबाइलवरचा त्याचा अंगठा दाखवला. अभयनं मुलाखतीचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "छाप."

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता विश्वजीतनं लेख चव्हाट्यावर टाकला. 'आपल्या आप्पांसाठी. दाबा.' चाळीस अंगठे पडले. लेख पहिल्या पानावर गेला, आणि मग 'आप्पांना शुभेच्छा' म्हणत शहर दाबत सुटलं. विशाखा ऑफिसात चहाचा कप हातात धरून आकडा बघत होती. एकशे वीस. एकशे ऐंशी. दोनशे साठपाशी गाडी जरा अडकली, तेव्हा तिनं कप खाली ठेवला. एवढ्यात कुणी वाचलं तर? कुणी वाचलं नाही. दहा वाजून पन्नास मिनिटांनी लेखावर शिक्का बसला. पक्की.

मग 'खामकाठ'नं त्याखाली तीन शब्द लिहिले. 'सातवा परिच्छेद वाचा.'

दहा मिनिटं काही झालं नाही. मग एकानं लिहिलं, 'अरे हे काय?' मग दुसऱ्यानं, मग भराभर पन्नास जणांनी. कुणी फेब्रुवारीतली ती चोरीची बातमी शोधून आणून शेजारी ठेवली, कुणी त्या वेळची चिठ्ठी तळातून उकरून काढली. ज्यानं 'अशांना' लिहिलं होतं तो आपलं लिहिणं पुसायला धावला, पण पक्क्या बातमीखालचं पुसता येत नव्हतं. चाळिसातले काही जण विश्वजीतलाच विचारू लागले, की बापाचं बोलणं बी तू वाचलं नाय का रे? विशाखाला बरं वाटलं. उगाच साळसूदपणा कशाला, लई बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं डब्यातली भाजी चवीनं खाल्ली.

संध्याकाळी पाचला विश्वजीतची गाडी बजाजनगरच्या गल्लीत शिरली. दारात धम्मपाल पंखा भरत होता, त्याला ओलांडून विश्वजीतला आत यावं लागलं. आठ महिन्यांपूर्वी लीलाबाईनं त्याचा चहा घेतला नव्हता, पण तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला. दारात आलेल्याला चहा, हा तिच्या घरचा नियम होता.

"ताई, तुम्ही मला फसवलं," विश्वजीत म्हणाला.

"लेख तुम्हाला आधी पाठवला होता," विशाखा म्हणाली. "पूर्ण वाचा म्हणून लिहिलं होतं."

विश्वजीतनं हातातला मोबाइल उलटा घालून ठेवला. कप तसाच राहिला. "सकाळपासून आप्पा माझ्याशी बोलेनात. सत्काराला बी आले नाय. म्हणतात, माझं बोलणं वाचायला तुला येळ नाय, मंग तोंडानं कशाला बोलू?" हे सांगताना त्यानं मान खाली घातली, आणि विशाखाला आठ महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस म्हणून दिसला. तिनं तिकडं दुर्लक्ष केलं.

"मग आता काय म्हणता?" तिनं विचारलं.

"नियम मीच केला, मीच मोडतो. बाकी पंचांशी बोललोय. आज दोन्ही बातम्या काढू. तुमची बी, माझी बी. धम्मपालचा व्हिडिओ कायमचा गेला समजा."

लीलाबाई जे मागायला त्या ऑफिसात हात जोडून गेली होती, ते तो घरी आणून देत होता. नाही म्हणायचं विशाखाच्या ओठावर आलं होतं. त्याची शोभा जन्मभर तिथं टांगलेली राहावी असं तिला फार वाटत होतं. पण व्हिडिओ गेला तर धम्माचं लग्न होईल, नोकरी लागेल. आपल्या सुडापायी भावाचं नुकसान करणारी आपण कोण? तिनं आईकडं बघितलं. लीलाबाईनं दाराकडं बघितलं.

धम्मपाल तार खाली ठेवून उंबऱ्यात उभा होता. त्याची मान वर होती.

"काढायचं नाय," तो म्हणाला. "दोन्ही बी ऱ्हाऊ द्या. काढलं तर ज्यांनी मला चोर म्हणून बघितलं त्यांच्या डोक्यात मी चोरच ऱ्हाईन. ज्यानं पहिली बघितली, त्यानं दुसरी बी बघावी."

"अरे, पण माझं..." विश्वजीत म्हणाला.

"नियम म्हंजे नियम," लीलाबाई म्हणाली. "चहा घे बाळा, निवला."

विश्वजीतनं चहा घेतला नाही. गाडी गल्लीतून मागं घेताना त्याला जमेना, तेव्हा धम्मपालनंच बाहेर जाऊन हातानं दाखवत ती काढून दिली. मग तो आत आला, हात धुतले आणि म्हणाला, "ताई, मोबाइल दे."

विशाखानं मोबाइल दिला. तो भिंतीला टेकून बसला आणि लेख पहिल्या ओळीपासून वाचू लागला. विहीर, गोदाम, देणग्या, सत्कार. सातव्या परिच्छेदापाशी तो थांबला, तिथं परत परत वाचत बसला, आणि मग शेवटपर्यंत गेला. तोवर लेखाला सहाशे अकरा 'वर' होते. त्यानं शर्टाला बोट पुसलं आणि दाबलं. सहाशे बारा.

पूर्ण वाचून दिलेलं चव्हाट्यावरचं ते बहुतेक पहिलंच मत होतं.