ग्लुकोजच्या पाण्याचं पाप

"गेली! गेली! साखर गेली!"

तुर्भ्याच्या सिडको वसाहतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर एकच गिल्ला उठला आणि मांडवातल्या दोन-अडीचशे माणसांनी टाचा उंचावल्या. व्यासपीठावर नीलकंठ महाराज काचेची नळी उंच धरून उभे होते. नळीत निळंशार पाणी. पाचच मिनिटांपूर्वी समोरच्या म्हाताऱ्याच्या लघवीनं साखर तपासायचं डॉक्टरी औषध विटेसारखं लाल झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. मग महाराजांनी मंत्र पुटपुटला, लघवीवर तीन फुंकरा मारल्या आणि चेल्याकडून नवं औषध घेऊन पुन्हा नळी तापवली. तीच लघवी, तोच स्पिरिटचा दिवा, पण रंग निळाच्या निळा!

"शंकरानं हलाहल प्यालं, कंठ निळा झाला. मी तुमची साखर पितो, नळी निळी होते!" महाराज गरजले. "ही साखर म्हणजे काय, भक्तहो? मागल्या जन्मी गोड गोड बोलून लोकांना फसवलंत, ते पाप! डॉक्टर पापाला सुई टोचतो. पाप सुईनं मरतं का?"

"नाऽऽही!"

"मग टाका त्या सुया माझ्या पायाशी!"

आणि लोक खरोखर टाकत होते हो! सुया, गोळ्यांच्या पट्ट्या, इन्शुलिनच्या बाटल्या. चौऱ्याऐंशी साल होतं, पलीकडच्या रस्त्यावर केमिकलच्या कंपन्या धूर ओकत होत्या, आणि इथं माणसं आपला जीव कुणाच्या तरी खडावांपाशी फेकत होती.

शेवटच्या रांगेत कमरेवर हात ठेवून मुक्ताबाई उभी होती. महाडकडची, बालवाडीत मदतनीस, सहा वर्षांची डायबिटीसवाली. तिला हसू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कारण मघाशी पायाशी पडलेल्या सुयांत एक तिच्या सोबतीणीची, गोजराची होती.

मुक्ताबाईच्या गॅलरीत रोज सकाळी चार साखरवाले जमायचे. औषधाची निळी बाटली चौघांत एक, दिवाही एकच. मालतीबाईंकडे फ्रिज होता, म्हणून सुई घेणाऱ्यांचं इन्शुलिन त्यांच्या ताकाच्या भांड्याशेजारी. वामनराव छापखान्यातून रिटायर झालेले, ते वहीत रंग लिहायचे. चौथी गोजरा, जुन्या गावातली, वयानं सगळ्यांत लहान आणि आजारानं सगळ्यांत जड. नळीत पाच मिली औषध, आठ थेंब लघवी, उकळी आली की रंग बघायचा. निळा म्हणजे पास. हिरवा म्हणजे काल कुठंतरी गोडावर हात मारलाय. विटकरी म्हणजे मुक्ताबाईच्या शिव्या.

"आज काय निघालं?" मालतीबाई जिन्यातूनच ओरडायच्या.

"पोपटी!" वरून उत्तर यायचं. खालच्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाला महिनाभर वाटत होतं, की वर साड्यांचा धंदा चालतो.

नळाला पाणी तासभरच येतं, बस भरून येते आणि न थांबता जाते, लग्नात पुरणपोळी पानात पडते आणि उचलून शेजारच्या पानात ठेवावी लागते, असली सगळी रडगाणी तिथंच निघायची. बरं कुणी होत नव्हतं. पण टोचायची सुई उकळताना गप्पा झाल्या की दिवस ढकलला जायचा.

गोजरा मात्र थकली होती. दिवसातून दोनदा सुई, वर सासू बयाबाईचे टोमणे. आणि हा बाबा म्हणाला, संपलं. आजाराच्या चार वर्षांत तिला 'संपलं' असं कुणी म्हणालंच नव्हतं.

"मना आता सुई नको, मुक्ताबाय," ती म्हणाली होती. "बाबानी माजी साखर काढली. निलं पानी मी माज्या डोल्यांनी बघितलंय."

"अगं, पण डॉक्टर म्हणालेत ना, सुई सोडलीस तर मरशील?"

"डॉक्टर बोलतंय. बाबा दाखवतंय."

मग मुक्ताबाईनंही दाखवायचंच ठरवलं. म्हणून तर ती आज पदराला साखरेची पुडी बांधून आली होती. हिशेब सोपा होता. बाबाच्या दुसऱ्या औषधात साखर घालायची. तरी निळंच राहिलं, तर औषध खोटं. एवढं सरळ गणित बालवाडीतल्या पोरालाही सुटलं असतं!

ती गर्दीतून कोपरं मारत पुढं घुसली आणि चेला अडवायच्या आत महाराजांच्या ताज्या निळ्या नळीत चिमूटभर साखर टाकून तिनं ती दिव्यावर धरली. उकळी आली. निळंच!

"बघा!" मुक्ताबाई ओरडली. "घरची साखर घातली, रोज चहात घालते ती! तरी निळं! बाटलीच खोटी हाय याची!"

 महाराजांच्या हातातली माळ जागीच थांबली. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मग तुझ्या डॉक्टरच्या बाटलीत टाक की बघू!"

"टाकते की!" तिनं पिशवीतून आपली बाटली काढली. पाच मिली औषध, वर चांगली सढळ हातानं साखर. उकळी आली. मुक्ताबाई बघत राहिली. तिच्यासोबत आलेल्या मालतीबाई बघत राहिल्या.

निळंच.

सगळ्यांत जास्त आश्चर्य खुद्द महाराजांना वाटलं असावं. पण असली माणसं आश्चर्यात वेळ घालवत नाहीत. "माझ्या नजरेनं डॉक्टरची बाटली पण शुद्ध झाली!" त्यांनी हात उभारले आणि जयजयकारानं मांडवाचं कापड हललं. मुक्ताबाई मान खाली घालून बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत वामनरावांनीही गोळ्यांची बाटली बाबाच्या पायाशी नेऊन ठेवली. "मुक्ताबाई, डोळ्यांनी पाहिलं हो," एवढंच ते म्हणाले.

आणि खरं सांगायचं, तर मुक्ताबाईच्याही मनात पाल चुकचुकली होती. तिच्याच हातांनी, तिच्याच औषधात! म्हणजे या माणसात खरंच काही असेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. गोजराला पहाटेपासून उलट्या होत होत्या. मुक्ताबाई धावत गेली. गोजरा चटईवर पडलेली, ओठ सुकलेले, श्वास खोल आणि भराभर, आणि त्या श्वासाला पिकून सडायला आलेल्या फळासारखा वास.

"दवाखान्यात न्या हिला! आत्ताच्या आत्ता!"

"पाप भायेर पडतंय, बाबानी सांगलंय," बयाबाई दारात आडवी उभी राहिली. "नि तू कोन सांगनार? काल सगल्यांसमोर तोंड फुटलं ना तुजं? तिला मांडवात नेतंय मी."

मुक्ताबाई तडक उठली ती तळमजल्यावरच्या शिवरामकडे. शिवराम केमिकल कंपनीत लॅबमध्ये होता, रात्रपाळी करून नुकताच अंथरुणाला टेकला होता. तिनं त्याला हलवून उठवलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. शिवराम आधी डोळे चोळत ऐकत होता, मग एकदम ताठ बसला.

"मावशी, कुठली साखर घातलीत? चहाची?"

"मग काय, साखरेचा आजार म्हटल्यावर मीठ घालू?"

"अहो, तिथंच घोळ झाला! नाव एक, वस्तू दोन. चहातली उसाची साखर. रक्तात, लघवीत जी असते ती ग्लुकोज. तुमचं निळं औषध ग्लुकोज ओळखतं, उसाची साखर नाय ओळखत. बाबानं काय केलं नाय, तुमचं औषध पण बरोबर होतं. तुमची साखरच चुकीची होती!"

 सहा वर्षं ज्या शब्दाखाली मुक्ताबाई जगत होती, त्याच शब्दानं तिला तोंडावर आपटलं होतं.

शिवरामच्या मुलासाठी आणलेला ग्लुकोज पावडरचा डबा फळीवर होता. चमचाभर पाण्यात, त्यातले आठ थेंब औषधात, नळी गॅसवर. निळं, हिरवं, पिवळं, आणि बघता बघता विटकरी! आयुष्यात पहिल्यांदा विटकरी रंग बघून मुक्ताबाईच्या जिवात जीव आला.

"आणि त्याची दुसरी बाटली?"

"मोरचुदाचं पाणी असणार. दिसायला सेम टू सेम निळं. त्यात गोणीभर ग्लुकोज ओता, ढिम्म हलणार नाय."

अर्ध्या तासात मुक्ताबाई आणि मालतीबाई मांडवात. हातात झाकणाची बाटली, तीत ग्लुकोजचं पाणी. पाणी फारच स्वच्छ दिसतंय म्हणून मालतीबाईंनी त्यात दोन थेंब कोरा चहा टाकला होता. आज ती बाई भलतीच रंगात आली होती.

गोजरा पुढच्या रांगेत, सासूच्या मांडीवर डोकं. डोळे अर्धवट मिटलेले. मुक्ताबाईनं महाराजांपुढं हात जोडले आणि रडवेला चेहरा केला.

"चुकले, महाराज. काल लई बोलले. माझी साखर काढा."

महाराज फुलून गेले. आयती शरण आलेली! "बघा, भक्तहो, अहंकार कसा वितळला!" त्यांनी पहिल्या बाटलीतलं औषध घेतलं, मुक्ताबाईच्या बाटलीतले थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. विटकरी! भडक विटकरी!

"अरेरे! अरेरे!" महाराजांनी कपाळावर हात मारला. "केवढी साखर! बाई, मागल्या जन्मी तू सख्ख्या भावाला फसवलंस! विधवेचं शेत खाल्लंस! मला सगळं दिसतंय!"

"खरं की काय, महाराज? हे सगळं या पाण्यात दिसतं?"

"स्वच्छ दिसतं!"

मग मंत्र, तीन फुंकरा, चेल्याच्या झोळीतून दुसरी बाटली. तापवली. निळं! "गेली! सात जन्मांचं पाप धुतलं!"

"महाराज," मुक्ताबाई गर्दीकडे तोंड करून म्हणाली, आणि आता तिचा आवाज पार बसस्टॉपपर्यंत गेला, "ही माझी लघवी नाय. हे ग्लुकोजचं पाणी. हा डबा बघा. ग्लुकोजनं हो मागल्या जन्मी कुणाचं शेत खाल्लं?"

 मग मालतीबाई खुदकन हसल्या, त्यांच्या शेजारची हसली, आणि हसू मांडवभर पसरलं. चेला झोळी उचलायला वाकला, पण दारातून आलेल्या शिवरामनं ती आधीच धरली होती. त्यानं दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"आता फुंकर नाय, मंत्र नाय," शिवराम म्हणाला. "या डब्यातल्या ग्लुकोजचं एकच पाणी दोन्हीत टाकतो. वामनराव, तुमी पुढं या, नळ्या तुमीच धरा."

वामनरावांनी पुढं येऊन नळ्या दिव्यावर धरल्या. पहिल्या बाटलीचं औषध लाल झालं. दुसरीचं निळं राहिलं. मग शिवरामनं महाराजांनी फुंकर मारलेलंच पाणी पुन्हा पहिल्या बाटलीच्या औषधात टाकलं. लाल!

"साखर कुठं गेलीच नव्हती," शिवराम म्हणाला. "बाटली बदलत होती. दुसरीत नुसतं मोरचुदाचं पाणी आहे. आणि काल मावशीनं घातलेली चहाची साखर कुठल्याच औषधाला लाल करत नाय, ते मावशीला माहीत नव्हतं, नि या माणसाला पण नव्हतं. घरी जाऊन करून बघा. माझ्यावर पण विश्वास ठेवू नका."

महाराज तोंड उघडणार, तेवढ्यात बयाबाई उठली. ती कुणावर ओरडली नाही. तिनं पायाशी पडलेल्या ढिगातून सुनेची काचेची सिरिंज शोधून काढली आणि कमरेला खोचली. "उचला रे माज्या पोरीला," ती म्हणाली. "कुनीतरी उचला."

कांद्याचा एक टेम्पो रस्त्यावर उभा होता. वामनराव त्याच्यासमोर आडवे झाले. पोत्यांवर गोजराला झोपवून वाशीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही उरलं नसतं. तीन दिवस सलाइन चाललं. गॅलरीतल्या मंडळींनी आळीपाळीनं तिच्याशेजारी बसून काढले. महाराजांनी मांडव कधी उचलला ते कुणी पाहिलं नाही. मागं राहिलेली औषधं मालतीबाईंनी पिशवीत भरून घरोघर परत पोचवली.

आता सांगणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात. मांडवातले लोक मूर्ख नव्हते. ते कंटाळले होते, आणि कंटाळलेल्या माणसाला 'संपलं' हा शब्द फार गोड लागतो. तुम्हीही कधीतरी कंटाळाल. तेव्हा डोळ्यांनी पाहिलं एवढ्यावर थांबू नका. कसं झालं ते विचारा, स्वतःच्या हातानं करून बघा, चुकलात तर का चुकलो ते जाणत्याला विचारा. मुक्ताबाई पहिल्यांदा सपशेल चुकली होती. लाजेनं ती घरीच बसली असती, तर गोजरा आज नसती. आणि विचारलं की जो रागावतो, त्याच्या हातचं औषध घेऊ नका.

नवव्या दिवशी गोजरा गॅलरीत आली. निम्मी झाली होती. बयाबाई तिला धरून जिना चढली आणि कुणी न सांगता सुई उकळायला ठेवून बसली.

"मुक्ताबाय," गोजरा म्हणाली, "आता खरं सांग. ही सुई सुटल कवा?"

 वामनरावांनी वही मिटली.

"नाय सुटायची गो," मुक्ताबाई म्हणाली. "जन्मभर."

"नि दुखायची थांबल?"

"ती पण नाय. सवय होते थोडी. ज्या दिवशी तुझा हात उचलणार नाय, त्या दिवशी मी टोचीन."

 गोजरानं एक सणसणीत शिवी हासडली, बाबाला की आजाराला की मुक्ताबाईला, ते तिचं तिला ठाऊक, आणि सुईसाठी हात पुढं केला.