दुरुस्तीनंतर हरकत नाही

वेलांटीमावशींना इमारतीत सगळे जरा टरकूनच असत. छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका वेचल्या होत्या. माणूस निवृत्त होतो, हात थोडाच होतो? लिफ्ट बंद असल्याची पाटी असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, मावशींच्या पर्समधून लाल पेन निघालंच म्हणून समजा. दोन वर्षांपूर्वी त्या इथे राहायला आल्या आणि महिन्याभरात हे नाव पडलं. वरवर त्या रागवत, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

सोमवारी सकाळी फलकावर नवी सूचना लागली. लिहिणारे अर्थातच सेक्रेटरी. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. अक्षर असं की डोळ्यांचं पारणं फिटावं, आणि शुद्धलेखन असं की तेच डोळे मिटून घ्यावेत. ‘रु’शी तर त्यांचं काय वाकडं होतं देव जाणे. ऱ्हस्व हवा तिथे दीर्घ, दीर्घ हवा तिथे ऱ्हस्व, आणि या नियमात चुकूनसुद्धा चूक नाही.

‘तळघरात एक बेवारस सायकल पडून आहे. ज्या कोणाची असेल त्याने खाली सही करावी व रविवारपर्यंत ती दुरूस्त करुन न्यावी. अन्यथा सायकल भंगारात जाईल.’

मावशींनी पेन काढलं. ‘दुरूस्त’मधला रू आखूड केला, ‘करुन’मधला रु लांबवला. मग प्रत्येक मुद्रिताखाली चौतीस वर्षं जे लिहीत आल्या तेच सवयीने इथेही लिहिलं: ‘दुरुस्तीनंतर हरकत नाही.’ खाली झोकात सही ठोकली आणि भाजी आणायला निघून गेल्या.

भाजी घेऊन परत येतात तो काय, सायकल मावशींची आहे आणि त्या ती दुरुस्त करणार आहेत, हे इमारतभर झालेलं. लिफ्टमध्ये वकीलबाईंनी त्यांचा हातच धरला. “या वयात सायकल! मानलं बुवा तुम्हाला.”

‘अहो, सही चुकून झाली’ एवढंच तर मावशींना म्हणायचं होतं. पण दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जिची हयात गेली, तिच्या घशातून ‘माझं चुकलं’ काही केल्या बाहेर येईना. लोक हसतील, याची त्यांना खरोखर भीती वाटली. आता दोनच वाटा होत्या. एक तर चूक कबूल करून सायकल भंगारात जाऊ द्यायची, नाहीतर खरंच ती दुरुस्त करायची. आधी बघू तरी, असं म्हणत फडकं आणि रॉकेलची बाटली घेऊन त्या तळघरात उतरल्या.

पाण्याच्या पंपामागे, ताडपत्रीखाली ती उभी होती. बायकांची सायकल. टायर बसलेले, चेन गंजून ताठ, सीट फाटलेली. पण चाकं हाताने फिरवली तर डगमगत नव्हती, आणि सांगाडा सरळ होता. मावशींनी चेनकव्हरवर फडकं घासलं. काळं निघत गेलं आणि खालून पांढऱ्या रंगातली वळणदार अक्षरं वर आली.

‘सावकाश जा, सुखरुप ये.’

रु ऱ्हस्व! मावशींनी कपाळावर हात मारला. असं अक्षर आणि असा रु या इमारतीत एकाच माणसाचा.

“कळलं वाटतं तुम्हाला,” मागून आवाज आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मास्तर उभे होते.

“सिस्टरची ना ही?”

सिस्टर म्हणजे मास्तरांची बायको. हॉस्पिटलात नर्स होत्या. चार वर्षांपूर्वी त्या सायकलवरून पडल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या जातील तिथे मास्तर सावलीसारखे बरोबर.

“तिला सांगितलंय, सायकल देऊन टाकली म्हणून,” मास्तर म्हणाले. “द्यायला निघालोही होतो. पण देववेना. गुडघा बरा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता चालवा खुशाल. ती लागली ना मागे! म्हणून मी सायकलच नाहीशी केली. आता बेवारस म्हणून सूचना लावली, कुणी सही करणार नाही असं धरून चाललो होतो. मावशी, त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर मी तीन तास बसलो होतो. ती आत, मी बाहेर. पुन्हा त्या बाकावर नाही बसायचं मला.”

मावशींनी फडक्याची घडी घातली.

“तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही मी,” मास्तर जवळ येऊन म्हणाले. “सूचनाच गोंधळाची होती असं सांगतो. तुमची सही रद्द. रविवारी सायकल जाईल भंगारात, आणि माझं खोटं खरं होईल.”

मावशींना मोह झाला, हे कबूल केलं पाहिजे. झाकली मूठ तशीच राहत होती. पण छापखान्यातला एक नियम त्यांच्या हाडीमाशी भिनला होता. काना-मात्रा खुशाल बदला, पण अर्थ बदलत असेल तर पेनला टोपण लावायचं, समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि कागद लेखकाकडे परत पाठवायचा. ही सायकल मास्तरांची नव्हती आणि मावशींचीही नव्हती.

“सही चुकूनच झाली माझी,” त्या म्हणाल्या. एकदाचं निघालं तोंडातून! “ते मी चारचौघांत सांगेन, हसू देत सगळ्यांना. पण आधी सिस्टरना विचारायचं. तुम्ही आणता त्यांना खाली, की मी जाऊ?”

मास्तरच गेले. सिस्टर कठड्याला धरून उतरल्या, आणि त्यांच्या पुढे एक पायरी खाली मास्तर, दोन्ही हात पसरून. सायकल दिसताच त्या थबकल्या. “अगं बाई!” म्हणत त्यांनी हँडलवर हात ठेवला. डोळे भरून आले. मग त्या वळल्या, आणि मास्तरांना पळायला जागा नव्हती.

“देऊन टाकली होती ना?”

“देणार होतो.”

“चार वर्षं मी साधं वाचनालयात जायचं म्हटलं तरी तुमच्या सवडीची वाट बघते, आणि ही इथे ताडपत्री पांघरून बसलीय?”

“रागव हवं तर,” मास्तर म्हणाले. “पण बसू नकोस तिच्यावर. मला भीती वाटते गं.”

सिस्टरचा राग निम्म्याने उतरला. त्यांनी चेनकव्हरवर बोट ठेवलं. “हे तुम्हीच लिहिलंत ना? वाचा बरं.”

मास्तरांनी शाळेतल्या मुलासारखं वाचलं.

“आधी काय लिहिलंय?”

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

“आधी ‘जा’ लिहिलंय. ‘ये’ नंतर. जाऊच दिलं नाहीत तर मी येऊ कुठून?”

आयुष्यात पहिल्यांदाच मावशींना एखाद्या वाक्यात काही सुचवावंसं वाटलं नाही.

पुढचे चार दिवस कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचे. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं, सगळं नवीन बसलं. मावशींनी सहीची हकीकत लिफ्टमध्ये स्वतःच सांगितली. लोक पोट धरधरून हसले, आणि नवल म्हणजे मावशींनाही हसू आवरेना.

रविवारी सकाळी सिस्टर फाटकाबाहेर सायकलवर बसल्या. मास्तर कॅरियर धरून धावत निघाले. “सोडा आता,” सिस्टर म्हणाल्या. थोड्या अंतराने पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा ओरडल्या, तेव्हा मास्तरांनी हात सोडला. सिस्टर कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या आणि मास्तर धापा टाकत मावशींच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“किती वेळ झाला?”

“दोन मिनिटं.”

“आता?”

“मास्तर, दोनच.”

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने घंटी वाजली. सिस्टर येत होत्या, चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले. मास्तर हात पसरून पुढे झाले. पण सिस्टर थांबल्याच नाहीत. “अजून एक फेरी!” असं ओरडत त्या फाटकासमोरून सरळ पुढे गेल्या.

मास्तरांनी पसरलेले हात खाली घेतले. मग अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, “जा!”