सहावा निरोगी माणूस

“माझं रक्त नका घेऊ, मॅडम,” मिस्त्री म्हणाले आणि वर केलेली बाही त्यांनी पुन्हा खाली ओढली.

नर्स रजेवर, म्हणून आज प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या बाईंनीच रबरी पट्टा हातात घेतला होता. तो हातातच राहिला. चोवीस वर्षांच्या सोबतीत हा माणूस रक्त द्यायला कधी नाही म्हणाला नव्हता. नवी चाचणी बसवायची तर तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं, आणि ते बाहेर शोधत कोण बसणार? प्रयोगशाळेतल्याच माणसांनी हात पुढे करायचे, ही तिथली जुनी रीत. त्यात मिस्त्री नेहमी पुढे. ते खरे तंत्रज्ञ, पण बंद पडलेलं यंत्र दोन थपडा मारून चालू करत, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. दोन आठवड्यांनी ते निवृत्त होणार होते.

बाईंनी विचारलं, अशक्तपणा वाटतोय का. मिस्त्रींनी आधी दार लोटून घेतलं. मग स्टुलावर बसून, फरशीकडे बघत, एकेक सांगत गेले. ज्या तापाच्या विषाणूवर बाईंनी सगळी हयात घालवली, तोच ताप मिस्त्रींना नोकरीला लागायच्या आधीच्या वर्षी आला होता. पंधरा दिवस आईनं उशाशी बसून काढले. पुढे नोकरीच्या फॉर्मवर ‘हा ताप कधी आला होता का?’ असा प्रश्न होता, तिथं त्यांनी ‘नाही’ लिहिलं. तापवाल्यांना तेव्हा दारातूनच परत पाठवत. एकदा ‘नाही’ लिहिलं ते लिहिलं. मग रक्त देतानाही तेच सांगत राहिले.

“त्यानं काही बिघडतं हे मला ठाऊक नव्हतं हो. परवा तुम्ही नव्या मुलांना फळ्यावर तो चौदावा पेपर शिकवत होतात. सहावा निरोगी माणूस, सहावा निरोगी माणूस, असं सारखं म्हणत होतात. माझ्या नळीवर कायम सहाचाच आकडा; तो सहावा मीच की.”

बाईंनी रबरी पट्टा टेबलावर ठेवला.

त्यांच्या नावावर संशोधनाचे एक्केचाळीस पेपर होते. त्यातले चाळीस नसते तरी चाललं असतं; लोक बाईंना ओळखत ते चौदाव्यामुळे. ताप येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात त्याची खूण किती उरते, हे त्यात मोजलं होतं. तुलनेला सहा निरोगी माणसं. पाच जणांत खूण जवळजवळ नव्हतीच, सहाव्यात मात्र चांगलीच. बाईंना ते तेव्हाच खटकलं होतं. पण पेपर पाठवायची तारीख तोंडावर आलेली, वरिष्ठ मागे लागलेले. मग ‘निरोगी माणसातही थोडी खूण असतेच’ असा अख्खा परिच्छेद त्यांनी रचला आणि सहाव्याच्या आकड्याशी हद्दीची रेघ आखली. रेघेच्या वर तो ताप, खाली काही नाही. कुठकुठले दवाखाने अजून त्याच चढ्या रेघेनं माणसं तपासत होते. खोटं मिस्त्रींचं, पण त्याला शास्त्राचा साज बाईंनी चढवला होता.

टेबलावर संचालकपदाचा अर्ज भरून ठेवलेला, सोबत एक्केचाळीस पेपरांची यादी. दुपारी चारच्या आत तो पोचायचा होता.

“मी कुणाजवळ बोलणार नाही,” मिस्त्री म्हणाले. “झाकली मूठ म्हणा हवं तर. पण तुमच्यापासून लपवून जायला जीव होईना.”

बाईंना मोह झाला नाही असं कसं म्हणावं? चार वाजेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच तर होतं. पण डोळ्यांसमोर शिवणकाम करणारी एक पेशंट उभी राहिली. तीनदा तपासणीला आली होती, सुजलेली बोटं पुढे करून. अंगात तापाचं काहीतरी राहिलंय हो, म्हणत होती. बाईंनी तिला रेघेखालचा आकडा दाखवला आणि मनाचे खेळ आहेत म्हणून घरी धाडलं. चौथ्यांदा ती आली नाही. अशा किती जणी असतील, देव जाणे. बाईंना स्वतःची शरम वाटली.

त्यांनी यादी पुढे ओढली आणि चौदाव्या ओळीवर काट मारली.

“पेपर मागे घ्यायचा तर पुरावा लागेल, मिस्त्री. तुमचं रक्त दुसऱ्या पद्धतीनं तपासावं लागेल. आणि पत्रात सगळं लिहावं लागेल. फॉर्मचंसुद्धा.”

मिस्त्रींच्या निरोपाच्या कार्यक्रमाला घरची सगळी येणार होती. नातीनं आजोबांवर चार ओळी पाठसुद्धा केल्या होत्या.

“बरंय,” ते शेवटी म्हणाले, “साहेबांचं भाषण तरी चुकेल.” आणि त्यांनी बाही वर केली.

बाईंची सुईची सवय सुटलेली. शीर दोनदा निसटली. सावकाश घ्या, मी कुठं पळून जात नाही, असं म्हणत मिस्त्रींनीच त्यांना धीर दिला. नळी भरली. बाईंनी सवयीनं चिठ्ठीवर ‘निरोगी ६’ लिहायला पेन टेकवलं आणि त्या थांबल्या. एक्केचाळीस पेपरांत या माणसाचं नाव कुठंच नव्हतं.

“मिस्त्री, तुमचं पूर्ण नाव काय हो?”

त्यांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट. नाव लांबलचक आणि चिठ्ठी बोटभर. बाईंनी ते बारीक अक्षरात, पुरतं लिहिलं.